घरी आल्यावरचा पहिला महिना : वजनाच्या ऑपरेशननंतर दिवस कसा लावायचा

माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करायचं, ऑपरेशन झालं त्याला आता दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच जणींचे फोन येतात, आणि ऑपरेशनबद्दल फारसं कोणी विचारत नाही, विचारतात ते हेच की घरी आल्यावर दिवसभर करायचं काय, किती प्यायचं, गोळ्या कधी घ्यायच्या, स्वयंपाकघरात कधी जायचं. हॉस्पिटलमधून फाइल मिळते, त्यात डाएट चार्ट असतो, गोळ्यांची लिस्ट असते, पण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत हे सगळं बसवायचं कसं ते त्या कागदावर नसतं. ते इथे लिहितेय, जमेल तेवढं सविस्तर.

तुमच्या सर्जनने आणि डाएटिशियनने दिलेला कागद पहिला, मग हे. स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास (हे हृदयाचं नाही, यात जठर लहान करून थेट आतड्याला जोडतात) यांत थोडा फरक असतो, आणि कोणी नुसतं लिक्विड दहा दिवस सांगतं, कोणी पंधरा, कोणी त्याहून जास्त. आकडे पुढेमागे झाले तर तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

पोटात नक्की काय झालंय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम जाच वाटणार नाहीत. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी एक नळी, तिच्या कडेला स्टेपलची, म्हणजे टाक्यांसारख्या बारीक पिनांची, लांब लाइन. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे बहुतेकांना सुरुवातीला भूक जवळजवळ लागतच नाही. मला तर तहानही नीट कळत नव्हती. म्हणजे आयुष्यभर शरीर सांगायचं आणि आपण खायचो प्यायचो, आता शरीर गप्प आहे आणि तरी त्याला पाणी हवंय, प्रोटीन हवंय. म्हणून पहिल्या महिन्यात भुकेवर नाही, घड्याळावर चालायचं. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच, बाकी सगळं याच्यातूनच येतं.

ऑपरेशनला जायच्या आधी घरात हे जमवून ठेवा

३० एमएलची खूण असलेले दोनतीन छोटे कप, औषधाबरोबर मिळतात तसले. एक वही आणि तिला बांधलेलं पेन. थर्मामीटर, शुगर असेल तर ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स, नाडी बघायला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर बरं. बारीक जाळीची गाळणी. गोळ्यांचा सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला डबा. पुढून बटणं असलेले सैल गाऊन, कारण पोटावरच्या छोट्या जखमांना परकराची किंवा सलवारीची नाडी घासली की फार चुरचुरतं. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते ती आणून ठेवा, पहिले काही आठवडे उकिडवं बसणं आणि उठणं पोटावर ताण देतं.

एक कळकळीने सांगते, प्रोटीन पावडरचा मोठा डबा आधीच आणून ठेवू नका. ऑपरेशननंतर चव आणि वास इतका बदलतो की आधी आवडलेला चॉकलेट फ्लेवर मला दुसऱ्या दिवशी समोरही नको झाला. छोटी पाकिटं आणा, एक बिनचवीची ठेवा, ती ताकातही चालते.

पहिलं काम : घोट घोट पिणं

घरी येता त्या दिवसापासून हीच तुमची नोकरी आहे असं समजा. दिवसाला दीड लिटरच्या पुढे, हळूहळू दोन लिटरपर्यंत जायचंय, पण एका वेळी ३० एमएलच, आणि ते पण एकदम नाही, दोनतीन छोट्या घोटांत. दर पंधरा मिनिटांनी एक कप धरला तर तासाला १२० एमएल होतं, आणि सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत १४ तास हे पाळलं तर १६८० एमएल. हिशोब असा साधा आहे पण एक तास झोपलात की १२० गेलं आणि ते नंतर एकदम पिऊन भरून काढता येत नाही, म्हणून मोबाइलवर पंधरा मिनिटांचा अलार्म लावायचा आणि वहीत प्रत्येक कपाला एक रेघ मारायची, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. पहिले दोनतीन दिवस माझं जेमतेम लिटरभर व्हायचं आणि मी रडकुंडीला यायचे, डॉक्टर म्हणाले पीत राहा, वाढेल, आणि आठवड्याच्या शेवटी वाढलंच. लघवीचा रंग बघत जा, फिकट पिवळा असला की ठीक, गडद झाला की पाणी कमी पडतंय.

स्ट्रॉ नको, हवा पोटात जाते. सोडा, कोल्ड्रिंक, फसफसणारं काहीच नको. गार पाण्याने छातीत अडकल्यासारखं होत असेल तर कोमट घेऊन बघा, मला जिऱ्याचं गाळलेलं कोमट पाणी सगळ्यात सोपं गेलं. चहा बहुतेक ठिकाणी पहिला महिना बंद सांगतात. मी दिवसाला चार कप पिणारी, दोन दिवस डोकं नुसतं ठणकत होतं. ते टाळायचं असेल तर ऑपरेशनच्या आधीच्या दोनतीन आठवड्यांत एकेक कप कमी करत या.

पोट भरलं हे आता वेगळ्या पद्धतीने कळतं. उचकी येते, शिंक येते, नाकातून पाणी येतं, छातीच्या मधोमध दाब वाटतो. यातलं काहीही झालं की हातातला कप खाली ठेवायचा, उरलेला घोटही नको. त्याच्या पुढे गेलात तर तोंडाला पाणी सुटतं आणि पांढरा फेस येतो.

डाळीच्या पाण्याबद्दल

आपल्याकडे आजारी माणसाला डाळीचं पाणी, पेज, ताक, नारळपाणी द्यायची पद्धत आहे आणि पहिल्या एकदोन दिवसांच्या गाळलेल्या लिक्विडला ते छानच आहे. पण त्यात ताकद आहे असं जे आपण धरून चालतो तिथे गडबड होते. डाळीचं वरचं गाळलेलं पाणी म्हणजे चव आणि मीठ, प्रोटीन जवळजवळ नाहीच, ते खाली गाळणीत राहतं. आणि आपल्याला हवंय दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन, नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं, जखमा भरायला वेळ लागतो, अशक्तपणा येतो. २०० एमएल दुधात साधारण ६ ग्रॅम, व्हे पावडरच्या (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) एका स्कूपमध्ये, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्यात, साधारण २४ (डब्यावर बघून घ्या), म्हणजे दोन स्कूप आणि दोन पेले दूध दिवसभरात थोडं थोडं गेलं की साठपर्यंत पोचता. दुधाने गॅस होत असेल, काहींना ऑपरेशननंतर होतो, तर पावडर पाण्यातून किंवा ताकातून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन आणि नारळपाणी दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

दुसऱ्या आठवड्यातला माझा दिवस असा असायचा

सहाला उठायचं, आणि उठायचं म्हणजे सरळ पोटावर जोर देऊन नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन बसायचं. दोन मिनिटं तशीच बसून राहायचं कारण एकदम उभं राहिलं की चक्कर येते. मग शुगर बघायची, नाडी आणि ताप बघायचा, वहीत लिहायचं. सर्जनने सांगितलेली ॲसिडिटीची गोळी रिकाम्या पोटी. त्यानंतर कोमट पाणी, कप कप करत.

सातच्या सुमाराला घरातल्या घरात दहा मिनिटं चालणं. मग हॉस्पिटलने दिलेलं ते तीन बॉलवालं फुंकायचं यंत्र, खरं तर त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, दहा वेळा. फुप्फुसं नीट उघडी राहावीत म्हणून ते असतं, कंटाळून कपाटात टाकू नका. खोकला आला तर पोटाला उशी घट्ट धरायची.

आठ ते नऊ प्रोटीनचा पहिला अर्धा स्कूप, तासभर लागला तरी चालेल. आंघोळ डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि ड्रेसिंग कोरडं ठेवून. दहाला परत चालणं. अकराला गाळलेलं सूप, त्यात बिनचवीची पावडर, पण सूप कोमट झाल्यावर घालायची, उकळत्यात घातली की गुठळ्या होतात. दुपारी एक ते दोन झोप, जास्त नाही, आधी सांगितलं तसं पाण्याचं गणित बिघडतं. चारला ताक, पाचला खाली जाऊन बिल्डिंगच्या आवारात एक फेरी, सहाला पुन्हा प्रोटीन, आठला दूध, नऊला शेवटचे कप आणि दहाला आडवं. पाठीवर, उशा थोड्या उंच करून. घोरण्यासाठी रात्री मशीन लावत असाल तर ते स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालूच.

असं लिहिलं की सोपं दिसतं. मध्ये मध्ये दोन तास नुसते रडण्यातही गेले आहेत. शेजारच्या घरातून लसणीच्या फोडणीचा वास आला आणि मला जे भरून आलं ते कुठल्या दुखण्याने नव्हतं. भूक नसताना खाण्याची आठवण येते, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगतेय. हे होतं, तुमचं काही चुकलेलं नाही. पण उदासपणा आठवडेच्या आठवडे टिकला, झोप उडाली, तर डॉक्टरांना नक्की सांगा.

चालणं आणि उचलणं

चालणं हे व्यायाम म्हणून नाही, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून आहे, त्यामुळे जागेपणी दर तासा-दीड तासाला पाच मिनिटं तरी. पोटात टोचायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घरी दिली असतील तर ती शेवटपर्यंत पूर्ण करायची, हिंडताय फिरताय म्हणून सोडायची नाहीत. पहिल्या काही दिवसांत खांदा दुखतो, तो बहुतेक दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात भरलेल्या गॅसमुळे, चालल्यानेच कमी होतो. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळ संध्याकाळ पंधरावीस मिनिटं, मग वाढवत जायचं. पोटाचे व्यायाम साधारण सहा आठवडे नाहीत.

चारपाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, चार ते सहा आठवडे. आपल्याकडे बायका याचं गांभीर्य घेत नाहीत म्हणून नावं घेऊन सांगते : पाण्याची भरलेली बादली, भरलेला मोठा कुकर, गॅसचा सिलिंडर, गव्हाचं पोतं, आणि तीन वर्षांचं पोर. पोराला बसल्या जागी मांडीवर घ्या.

गोळ्यांचं वेळापत्रक

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी १२, आणि अनेकांना लोह. यातली काही गोष्ट आयुष्यभराची आहे, शक्ती आली की बंद असं नाही. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं आणि शरीर एका वेळी ५०० ते ६०० च्या वर नीट घेत नाही, म्हणून ते दोनतीन वेळांत वाटायचं. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तास अंतर, एकत्र घेतले की एकमेकांच्या आड येतात. दुकानात नुसतं कॅल्शियम मागितलं तर बरेचदा कार्बोनेट देतात, आपल्याला सहसा सिट्रेट सांगितलेलं असतं, कारण ते पचायला ॲसिड लागत नाही. स्ट्रिप वाचून घ्या. मोठ्या गोळ्या अडकतात, तोडून किंवा कुटून चालतील का ते प्रत्येकीबद्दल विचारा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्या नसतात. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून काहींना सहा महिने वेगळी गोळी असते, वजन भराभर उतरताना खडे होतात म्हणून.

डोकं दुखलं, पाठ दुखली की घरात असलेली कॉम्बिफ्लाम किंवा व्होव्हेरान तोंडात टाकायची सवय असेल तर ती आता कायमची सोडा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी नव्या पोटात अल्सर होतो, बायपासवाल्यांना तर जास्तच धोका. पॅरासिटॅमॉल किती आणि कधी ते लिहून घ्या, आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी तुमचं हे ऑपरेशन झालंय हे आधी सांगा.

शुगर आणि बीपीच्या गोळ्यांचे डोस बहुतेक हॉस्पिटलमध्येच बदलतात. जुना डोस चुकूनही चालू ठेवू नका, खाणं एवढंसं आणि गोळी पूर्वीची, शुगर खाली जाते. ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले तर ग्लुकोजचं पाणी छोट्या घोटांनी, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं आणि लगेच फोन.

तिसऱ्या आठवड्यापासून चमचा

मग येतं मिक्सरमधून काढलेलं. मुगाचं घट्ट वरण, दही, कुस्करलेलं पनीर दुधात फिरवून, दुधी किंवा लाल भोपळा. दोन ते चार मोठे चमचे म्हणजे एक जेवण, लहान चमच्याने, वीसतीस मिनिटं लावून. साधारण पाचव्या आठवड्यापासून मऊ : अंड्याची मऊ भुर्जी, वाफवलेला मासा काटा बघून, नीट शिजवून ठेचलेली मुगाची उसळ. बत्तीस वेळा चावा असं आपले वडीलधारे सांगायचे ते आता अक्षरशः पाळायचं. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर धान्य. भात, चपाती, पाव सगळ्यात शेवटी, कारण ते आत जाऊन लगदा होऊन बसतात. आणि जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. घासागणिक घोट घ्यायची सवय मोडायला मला सगळ्यात त्रास झाला, शेवटी पाण्याचा तांब्या दुसऱ्या खोलीत ठेवला.

संकष्टी, एकादशी, गुरुवार, जे काही उपास असतील ते सध्या नाहीत. पाणी आणि गोळ्या चुकतात, आणि उपासाचा साबुदाणा तर चिकट पिठूळ, प्रोटीन काहीच नाही. बायपास झालेल्यांनी गोडाचा प्रसादही टाळायचा, साखरेने धडधड, घाम, जुलाब असा डम्पिंगचा त्रास होऊ शकतो. हात जोडून नमस्कार केला तरी पोचतो.

घरातल्यांशी आधीच बोला

हे मी शेवटी लिहितेय पण करायचं आधी आहे. आपल्याकडे आग्रह म्हणजे माया. माझ्या सासूबाईंनी नवव्या दिवशी मऊ तूपभात कालवून आणला, "अगं चार घास तरी खा, अंगात काही राहिलंय का तुझ्या," आणि त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, मला नाही म्हणवेना, मी दोन चमचे खाल्ले. पुढचे दोन तास छातीत दगड ठेवल्यासारखं झालं, मग उलटी. त्या बिचाऱ्या रात्रभर माझ्या उशाशी बसून होत्या. चूक त्यांची नव्हती, मी त्यांना काही समजावूनच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डाएट चार्ट मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला आणि म्हटलं, आई, आता हे तुम्हीच सांभाळा. तेव्हापासून पंधरा मिनिटांचा अलार्म माझ्याआधी त्यांनाच ऐकू यायचा, कप भरून हातात. माया तीच, फक्त तिला काम दिलं. भेटायला येणाऱ्यांना "डॉक्टरांनी बंद केलंय" एवढंच वाक्य पुरतं.

वजनकाटा रोज नको. आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, सकाळी. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच जणांचं वजन एकदम थांबतं, ऑपरेशन फुकट गेलं असं वाटतं, पण शरीर पाणी धरून ठेवतं म्हणून होतं आणि मग परत उतरायला लागतं.

यातलं काही झालं तर वाट बघायची नाही

ताप १०१ च्या वर. स्वस्थ बसलेलं असताना नाडी सारखी १०० च्या वर, आणि १२० च्या वर असेल तर फोनही नाही, थेट हॉस्पिटल. वाढत जाणारं पोटाचं दुखणं, विशेषतः दम लागणं किंवा डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर. एका पायाची पोटरी सुजणं, दुखणं. काळं शौच, रक्ताची उलटी. जखमेतून पू. पाण्याचा घोटही न टिकणं. स्टेपलच्या लाइनमधून गळती झाली तर ती पहिल्या काही आठवड्यांतच होण्याची शक्यता जास्त आणि सुरुवातीला कधीकधी नाडी वाढण्यापलीकडे काही दिसत नाही, म्हणूनच रोज वहीत नाडी लिहायची. उलट्या दोनतीन दिवस चालूच राहिल्या तर बी १ व्हिटॅमिन कमी पडून नसांवर परिणाम होऊ शकतो, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, ते वेळेत इंजेक्शनने थांबवता येतं. रात्री दोन वाजता फोन करायला संकोच करू नका. महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्सला १०८.

बाकी छोटं छोटं. पहिले काही दिवस शौचाला न होणं नेहमीचं आहे, जोर करू नका, औषध विचारा. गाडी पेनकिलर चालू असताना नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकींचे परत येतात, प्रोटीन आणि लोह सांभाळा. आणि मुलींनो, पाळी अनियमित असली तरी वजन उतरायला लागलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते, बारा ते अठरा महिने ते टाळायचं असतं, आणि तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या बायपासनंतर तितक्या भरवशाच्या नसतात, तेव्हा आधीच विचारून ठेवा.

पहिल्या तपासणीला जाताना वही बरोबर न्या. माझ्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवून आधी तीच चाळली, पाण्याच्या रेघा, नाडी, कुठल्या दिवशी काय बाधलं, आणि तिच्यावरूनच माझी बीपीची एक गोळी बंद झाली.